रुमालाखालचा डोंगर

मुरलीधर महाजनला त्याच्या साहेबाने फसवलं. हिमालयातल्या एका कोरड्या दरीत, जिथे वरून पाहिलं तर नुसते दगड दिसतात, त्या दगडांखाली बर्फ आहे हे मुरलीने शोधून काढलं आणि नकाशावर नाव लागलं साहेबाचं. साहेबाने मुरलीचं नाव छापलं नाही, म्हणून मीही इथे साहेबाचं छापत नाही. फिट्टंफाट तेवढ्यापुरतीच.

मी बर्फवाला. बुऱ्हाणपुरात मला नाना म्हणतात. गुरांच्या बाजारात दलाली करून उभा राहिलो आणि मग शनवारा वेशीजवळ बर्फाचा कारखाना टाकला. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, चिडण्यातही नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

दलाली मला मुरलीच्या वडिलांनी शिकवली. तुकारामअप्पा. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही गराडा पडलेला असो, भाव त्या दोन हातांबाहेर जात नाही. मुरली तेव्हा कॉलेजात होता. सुट्टीत यायचा आणि पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढून बसायचा. एकदा मी रुमालाखाली सौदा करून उठलो तर कठड्यावरून हा मला आकडा सांगतो. बरोबर आकडा! मी म्हटलं, कुणी फोडला तुला?

"फोडायचा कायले? रुमाल हलतो ना," तो म्हणाला. "एक बोट धरलं की चुणी उभी पडते, पंजा धरला की आडवी. हात दिसत नाही, पण हाताचं चालणं वर उमटतं."

अप्पांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "गधड्या, बाजार उठवशील!" असं म्हणून त्यांनी त्याला पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी धाडलं. लोक सांगतात, अप्पांनी पोराची हुशारी ओळखली. खोटं आहे. अप्पांनी बाजार वाचवला.

मुरली भूगोलात एम. एस्सी. झाला आणि एका मोठ्या शहरात, उपग्रहाने काढलेली चित्रं वाचण्याच्या कचेरीत लागला. त्याच्या वाट्याला आला हिमालयाच्या पलीकडचा भाग. तिथे पावसाचे ढग पोचतच नाहीत. सगळीकडे माती आणि दगड. वर कुठेतरी बर्फ असतो, तो उन्हाळ्यात वितळतो, त्याचं पाणी ओढ्याने खाली येतं आणि त्यावर वाटाण्याची, जवाची शेतं पिकतात. बर्फ किती उरला, दर साली किती मागे गेला, हे वरून काढलेल्या चित्रांत पाहायचं, ही त्याची नोकरी.

उन्हाळ्यात तो रजा घेऊन शनवाऱ्यातल्या घरी यायचा. आमच्याकडे मे महिन्यात कावळा सावली शोधतो, आणि हा गच्चीवर लोकरी टोपी, हातमोजे, जाडजूड कोट उन्हाला टाकून बसायचा. येणारेजाणारे हाका मारायचे, "मुरलीभाऊ, थंडी वाजू राह्यली का?" तो वरूनच म्हणायचा, "तुम्हाला नाही वाजणार. थंडी वाजायला डोकं तापलेलं नसावं लागतं."

वरून पाहायची त्याला इतकी सवय लागली होती की समोरून माणूस त्याला लवकर ओळखू यायचा नाही. गच्चीवरून मात्र तो डोक्यांवरून आणि सावल्यांवरून गल्ली ओळखायचा. मला एकदा म्हणाला, "नाना, तुझं टक्कल ईशान्येकडे सरकू राह्यलं." मी चिडलो. त्याने शांतपणे सांगितलं, "मागच्या उन्हाळ्याशी ताडून पाहिलंय."

हे ताडून पाहणं म्हणजे त्याचा धर्म. "एका चित्रावर भरवसा ठेवू नको रे भो. दुसरं आण," हे त्याचं पालुपद. दुसरं चित्रही कसं, तर त्याच महिन्यातलं, त्याच वेळचं. सावली वेगळी पडली तर दगड हलला की सूर्य हलला, हे कळत नाही. माझ्या पुतण्यासाठी स्थळाचा फोटो आला तेव्हा घरचे सगळे वाहवा करत होते. याने फोटो उलटसुलट केला आणि विचारलं, "दुसरा आहे का? एका वर्षाने काढलेला?" मुलीचे मामा समोरच बसले होते. ते लग्न जमलं, पण मामा आजही मुरलीचं नाव काढलं की पान थुंकतात.

गर्व त्याला होता, नाही असं नाही. त्याच्यासारखे डोळे कचेरीत कुणाला नाहीत, हे तो चहाच्या प्रत्येक घोटाला सांगायचा. त्यावर त्याची बायको, आमची सुशीलावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणायची, "घरातला नळ गळू राह्यला तो यांना दिसत नाही, हिमालय गळतो तो दिसतो!"

बुऱ्हाणपूर खंडव्यातून वेगळं निघून जिल्हा झालं, त्या सुमाराची गोष्ट. निंबोल्याला मी नुकतीच केळीची बाग घेतली होती. मुरलीने मला दाखवायला तापीच्या खोऱ्याचं एक चित्र आणलं. पाहतो तर नदीच्या दोन्ही अंगांना लालभडक! माझी बाग होती त्या जागी तर नुसता निखारा. मी तिथल्या तिथे सालदाराला फोन लावला.

"बाग लाल पडली अन् तू झोपला का रे? करपा आला न् मले सांगितलं नाही?"

तो बिचारा गोंधळला. "नाना, मी बागेतच उभा हाय. समदं हिरवंगार हाय. लाल फक्त माझं मुंडासं."

मुरली हसून हसून जमिनीवर बसला. मग त्याने समजावलं, की झाडाच्या पानावरून एक उजेड परततो जो आपल्या डोळ्याला दिसत नाही पण वरच्या यंत्राला दिसतो, आणि चित्रात तो लाल दाखवतात. जितकं लाल तितकं हिरवं. आजारी बाग फिकी दिसते.

मग त्याने दुसरं चित्र उघडलं. सगळीकडे राखाडी, वरच्या कोपऱ्यात थोडा पांढरा बर्फ, आणि खाली दरीत कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका.

"हे काय?"

"गाव," तो म्हणाला. "त्यांची शेतं. एवढंच लाल आहे तिथे." आणि ज्या आवाजात मी सालदाराला विचारलं होतं जवळजवळ त्याच आवाजात म्हणाला, "नाना, हा ठिपका विझायला नको."

वरचा पांढरा बर्फ मागे चालला होता, ते मलाही दिसत होतं. त्याचं म्हणणं असं, की गाव त्या पांढऱ्या बर्फावर जगतच नाही. भर उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हाही गावामागचा एक झरा वाहतो. तो झरा दगडांच्या एका लांबट उताराच्या पायथ्याशी आहे. त्या उतारावर बर्फाचा कणही दिसत नाही. मग पाणी येतं कुठून?

उत्तर त्याने माझ्या कारखान्यात दाखवलं. बर्फाच्या लाद्या आम्ही भुशात झाकून ठेवतो. त्याने भुशावर हात ठेवला. "हे बघ. वरून कोणी पाहिलं तर म्हणेल, नानाकडे भुसा आहे. त्या उतारावर भुशाच्या जागी दगड आहेत. ऊन खालपर्यंत पोचत नाही, लादी टिकते, थोडी थोडी सुटते." मग त्याने लादीच्या एका कडेचा भुसा खरवडून काढला आणि मला म्हणाला, आता जेवून ये. जेवून आलो तर उघडी कड खचून वरचा भुसा आत सांडला होता आणि पाणी नालीत चाललं होतं.

"त्या उताराच्या पायथ्यातून रस्ता काढणार आहेत," मुरली म्हणाला. "पायथा कापला की हेच होईल."

हे त्याने साहेबाला सांगितलं होतं. साहेबाचं उत्तर, "जो दिखता नहीं, उसका नक्शा नहीं बनता." साहेब आधीच्या प्रत्येक अहवालात लिहून मोकळा झालेला, की त्या उतारावर काही नाही, नुसती दगडांची रास. आता हाताखालचा माणूस म्हणतो, आहे. साहेबाने फाईल बंद केली.

मुरलीने त्या उताराची जुनी चित्रं काढायला सुरुवात केली. एकाच महिन्यातली, एकाच वेळची, जमिनीवर ताजा बर्फ नसलेली. एकेक मोठा धोंडा धरून तो वर्षावर्षाची चित्रं ताडत गेला. डोळ्यांना चष्मा लागला, चष्म्याचा नंबर वाढला. एका उन्हाळ्यात तो आला तो सरळ कारखान्यात, घरीसुद्धा न जाता. हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "नाना, धोंडे चालू राह्यले."

"म्हणजे घसरतात?"

"घसरले तर एकदम खाली येतील. हे दर साली थोडे सरकतात, सगळे मिळून, रांगेने. उतारावर चुण्या पडल्यात, आडव्या. नुसते दगड असे चालत नाहीत. खाली कोणीतरी हात हलवू राह्यलं." त्याने खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या तोंडासमोर झटकला. "अप्पांचा रुमाल आहे हा, दुसरं काही नाही. बाजारातला रुमाल!"

नंतर तो स्वतः तिथे जाऊन आला. त्या गावच्या लोकांना त्याने हीच गोष्ट सांगितली. तिथल्या म्हाताऱ्यांना अंगणात बसवलं, हातात हात घेतले, वरून रुमाल टाकला, बोटं दाबली आणि म्हणाला, देखो, हात नहीं दिखता, रुमाल हिलता है. तुम्हारे पहाड़ का भी ऐसाच है. म्हातारे इतके हसले, की मग प्रत्येकाला आपला हात घालून पाहायचा होता. हे सगळं तो मला वहिनीच्या पदराला धरून नक्कल करून दाखवायचा आणि वहिनी पदर ओढून घ्यायची.

पुढच्या साली एका हिंदी वर्तमानपत्रात मी बातमी वाचली. रस्ता आता ओढ्याच्या पलीकडच्या काठाने जाणार. दगडांखाली दडलेला बर्फ एका शास्त्रज्ञाने उपग्रहाच्या चित्रांतून शोधला, त्यामुळे गावाचा झरा वाचला. शेजारी नकाशा, आणि नकाशाशेजारी साहेबाचा फोटो. मी बातमी पुन्हा वाचली. मुरलीचं नाव आभारातसुद्धा नाही.

मी त्याच दिवशी गाडीत बसलो. मुरलीला सांगितलं नाही, तो अडवणार हे ठाऊक होतं.

साहेबाच्या खोलीत गारवा होता, कागदाच्या फुलांचा गुच्छ होता, भिंतीवर तोच नकाशा होता. मी म्हटलं, मी बर्फाच्या धंद्यातला माणूस, तुमच्याशी बर्फाबद्दल बोलायला आलोय. साहेबाने चहा मागवला. मी खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हात द्या साहेब."

"क्यों?"

"हमारे यहाँ भाव ऐसे करते हैं. बोलिए, मुरलीधर महाजन का नाम कितने में वापस दोगे?"

साहेबाने हात टेबलाखाली घेतला. मी एकेक पायरी खाली उतरत गेलो. पहिलं नाव मुरलीचं. नाही? बरं, दोन्ही शेजारी शेजारी. नाही? दुसरं मुरलीचं. नाही? खाली बारीक अक्षरात. माझा आवाज चढत गेला, चहा सांडला, दाराबाहेर दोन शिपाई येऊन उभे राहिले. शेवटी साहेब म्हणाला, "सेठजी, मैंने उनसे कुछ छीना नहीं. उन्हींसे पूछिए."

जिना उतरतो तर खाली मुरली उभा. माझा आवाज सगळ्या मजल्यांना गेला होता. मला वाटलं ओरडेल. तो मला रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर घेऊन गेला.

"छीना नाही म्हणतो तो. खरं आहे?"

"खरं आहे," मुरली म्हणाला. "मी दिलं."

मग त्याने सांगितलं. रस्त्याचं काम त्या उन्हाळ्यात सुरू होणार होतं. रस्ता ठरवणाऱ्या समितीची बैठक एकच उरली होती आणि तिथे साहेबाचाच शब्द चालणार होता. साहेबाने त्याला बोलावून सांगितलं, की हे तुझ्या नावाने मांडलं तर लोक विचारतील, साहेब इतकी वर्षं तिथे काही नाही असं का सांगत होते? तेव्हा मी स्वतः शोधलं असं मांडतो, नाहीतर बैठकीत गप्प बसतो. काय ते ठरव.

"आण तुझा रुमाल," मुरली म्हणाला. रसवंतीच्या बाकावर त्याने माझा हात घेतला, वर रुमाल टाकला. माझं एक बोट दाबलं. "हे मी दिलं. नाव." मग सगळा पंजा आवळला, दुखेपर्यंत. "अन् हे घेतलं. डोंगर. सांग, तू दलाल आहेस. सौदा वाईट झाला का?"

मी त्याला भाव करता येत नाही असं जन्मभर समजत होतो. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. मी म्हटलं, "मुरल्या, तुझ्या बापाने मले धंद्याचा एक कायदा शिकवला होता. अडलेल्याचा बैल पाडून मागायचा नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याला संध्याकाळपर्यंत विकायचाच आहे, त्याला खरा भाव द्यायचा. नाही दिला तर तो सौदा नाही, ती लूट आहे. तू अडलेला होतास."

"होतो," तो म्हणाला. "पण बैल सुखरूप आहे ना?"

निवृत्त झाल्यावर तो दर उन्हाळ्यात त्या गावी जायचा. तिथल्या शाळेतल्या मुलांना चित्रं वाचायला शिकवायचा, येताना माझ्यासाठी वाळवलेले जर्दाळू आणायचा. मी विचारायचो, ठिपका कसा आहे? तो दोन बोटांची टिकली करायचा, मग ती जराशी मोठी करायचा. झऱ्याच्या पाण्यावर लोकांनी वरच्या अंगालाही वाटाणा लावला होता. मी दरवेळी साहेबाचा विषय काढायचो आणि तो दरवेळी जर्दाळूची थैली माझ्या तोंडाशी धरायचा. दमा वाढला तसं त्याचं जाणं थांबलं. गच्चीवरचे कोट मात्र दर मे महिन्यात उन्हाला पडत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात त्याची मुलगी मंगल त्या नकाशाची नवी आवृत्ती मोबाईलवर घेऊन आली. आता तसे उतार शोधणारे बरेच तरुण आहेत, आणि या वेळी त्यांनी प्रत्येक जागेचं गावातलं नावही विचारून घातलं आहे. मुरली खाटेवर उशांना टेकून बसला होता. मंगलने तो उतार मोठा करून दाखवला. वरच्या कोपऱ्यात साहेबाचं नाव होतंच. पण उतारावर, दगडांच्या चुण्यांवरून वळत गेलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: रुमाल.

"हे काय नाव?" मी म्हटलं.

"गावचे लोक तेच म्हणतात, नानाकाका," मंगल म्हणाली. "कधीपासूनचे. खाली साहेबांनी टीप दिलीये, की उताराचा आकार रुमालासारखा आहे म्हणून स्थानिकांनी हे नाव ठेवलं असावं."

मुरली हसायला लागला. हसता हसता खोकला, वहिनी पाणी घेऊन धावली, तिला हाताने थांबवून तो पुन्हा हसला. मग त्याने उशाचा रुमाल ओढला आणि माझा हात मागितला. बोटांत पूर्वीची ताकद नव्हती. रुमालाखाली त्याने माझी मूठ सावकाश उघडली, एक बोट सुटं केलं आणि तेवढंच धरून ठेवलं.

"एक परत आलं," तो म्हणाला.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं, डोळे मिटून हसणारा, माझं बोट धरलेला, वर हलणारा रुमाल. पावसाळा संपायच्या आत तो गेला. त्याने सौदा मिटला असं धरलं. मी धरत नाही. झालेला सौदा दलालाला मोडता येत नाही, पण त्याबद्दल विचारता येतं.

तर साहेब, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेलच. तुमचा तो उतार जिभेसारखा लांब आहे. वर अरुंद, खाली पसरट. मी दोन्ही नकाशे पाहिलेत, आकार डोळ्यांनी जोखणं हा माझा धंदा आहे. रुमाल चौकोनी असतो. तुमच्या नकाशावर, तुमच्या नावाखाली, बुऱ्हाणपूरच्या गुरांच्या बाजारातला शब्द बसलाय. तो हजारो फूट उंचावर त्या दगडांत कसा पोचला? कोणी नेला? तुम्ही शोध लावलात ना, मग एवढं सांगा. त्या रुमालाखाली दोन हात होते. एक तुमचा. दुसरा कोणाचा?